दुसरी कॉट

काकूंनी फोन कानाला लावला तेव्हा त्यांचा दुसरा हात अजून नळाच्या चावीवरच होता. वाळूजच्या बजाजनगरातलं दुमजली घर, वरची खोली, मे महिन्याची दुपार. अर्ध्या खोलीवर स्लॅब आणि अर्ध्यावर पत्रा. आत दोन लोखंडी कॉट, भिंतीत एक कोनाडा, कोपऱ्यात मोरी. खोली आम्हाला पसंत पडली होती, पण ‘घेतली’ असं तोंडानं अजून म्हटलं नव्हतं. पाणी किती वाजता येतं तेवढं विचारायचं राहिलं होतं. काकू फोनवर म्हणाल्या, “हो हो, कॉट बेसिसच आहे. एकच मुलगी ना? कुठल्या गावची?” मग “बरं बरं.” मग, “आडनाव काय म्हणालात?” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकू थांबल्या. फार नाही, पाण्याचा एक घोट गिळायला लागतो तेवढंच. “अगं बाई, रूम तर कालच गेली की हो. हो ना, कालच.” फोन बंद करून त्यांनी तो पदराला पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हां, तर पाणी सकाळी साडेपाचला येतंय बगा. तासभर असतंय.”

मी पर्समधून मोबाइल काढला आणि डिपॉझिटचे पाच हजार तिथल्या तिथं पाठवले. पैसे पोचल्याचा आवाज काकूंच्या पदराआडून आला. माझी लेक दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती, हे मला तिच्याकडे न बघताही कळत होतं. दहाच मिनिटांपूर्वी खालच्या दारात, पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधी, आमचंही आडनाव विचारून झालं होतं. मी ते गावासकट सांगितलं होतं. काकूंचा चेहरा सैल झाला होता, “या ना, आत या, उन्हाचं कशाला उभ्या राहता,” म्हणाल्या होत्या. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नव्हतं. आडनाव विचारतात, आपण सांगतो. जन्मभर हेच करत आलेय.

लेक नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकलला. वर्गात साठ मुलं आणि सात मुली. वाळूजच्या एका कंपनीत आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली तेव्हा तिनं हॉस्टेलच्या जिन्यातून फोन केला होता, दम लागलेल्या आवाजात. कंपनीचं पत्र आलं त्यात रुजू व्हायची तारीख, वेळ सकाळी साडेआठ, येताना सेफ्टी शूज आणि विम्याचा कागद आणावा, आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ होती: राहण्याची व येण्याजाण्याची सोय विद्यार्थ्यांनी स्वतः करावी. ही ओळ आमच्या घरात महिनाभर नांदली. सकाळी चहाला ती असायची, रात्री भांडी घासताना असायची. ह्यांनी संभाजीनगरातल्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना फोन केले. मीही केले. “दोन महिन्यांसाठी? नाही हो, आमच्याकडे अकरा महिन्यांचा करार असतो.” “जूनमध्ये क्लासची पोरं येतात, आत्ता कॉट अडकवून ठेवता येत नाही.” “मुलींना देत नाही, जबाबदारी नको.” “मुलींनाच देतो, पण संध्याकाळी साडेसातला गेट बंद.” हे शेवटचं उस्मानपुऱ्यातलं हॉस्टेल होतं, चांगलं होतं, वॉर्डन बाई बोलायला मायाळू होत्या. पण पाच-साडेपाचला कंपनी सुटणार, त्यात ट्रेनी पोरांना थोडं मागं थांबवतातच, मग शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, पंढरपूर, गोलवाडी, छावणी, नगर नाका ही सगळी गर्दी ओलांडून साडेसातच्या आत गेटात शिरायचं. रोजची संध्याकाळ त्या पोरीनं घड्याळाकडे बघत काढायची का, असं वाटलं.

संभाजीनगरचा नकाशा ज्याच्या अंगवळणी आहे त्याला हे सांगायला नको. चिकलठाणा आणि शेंद्रा एका टोकाला, जालना रोडवर. वाळूज पार दुसऱ्या टोकाला, नगर-पुण्याच्या वाटेवर. मधे सगळं शहर आडवं पडलेलं. माझ्या चुलत नणंदेचं घर सिडकोत. तिला कळलं तसा तिचा फोन आला, आवाजात खरा राग होता. “वहिनी, आपलं घर असताना पोरगी लोकाच्या खोलीत राहणार? लोक काय म्हणतील आम्हाला?” ती मनापासून म्हणत होती. दोन खोल्या, तिचा मुलगा बारावीला, सासरे अंथरुणावर, आणि तरी मनापासून. मला मोह झाला. घरचं जेवण, घरचं माणूस, रात्री दार लावून घेणारं कुणीतरी. लेक म्हणाली, “आई, आत्याकडे नको.” कारण विचारलं तर म्हणाली, लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात, सकाळी साडेसहाला निघावं लागेल. सगळं खरं होतं. पण कारण ते नव्हतं, आणि ते मला तिच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

मी १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं परभणीला मावशीकडे राहून डी.एड. केलं. मावशीनं कधी एका शब्दानं दुखावलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी पहाटे पाचला उठून अंगण झाडायची, कुणी सांगितलेलं नसताना. कपडे धुताना मावसभावांचे कपडे आधी, माझे शेवटी. जेवायला बसलं की दोन भाकरींवर हात धुवायचे. तिसरी हवी असायची, मावशी वाढायलाही यायची, आणि मी ताटावर हात आडवा धरायचे. रात्री पोटात गुरगुरायचं तेव्हा कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे. त्या दोन वर्षांचे उपकार मी अजून फेडते आहे, मावशी गेल्यावरही, तिच्या सुनांच्या हळदीकुंकवाला, नातवंडांच्या जावळाला. मिंधेपणा म्हणतात तो कुणी लादावा लागत नाही. छपराखाली पाय टाकला की तो आपोआप अंगाला लागतो, पिठाच्या गिरणीत गेल्यावर पीठ लागतं तसा. आम्ही गंगाखेडची माणसं. कुणाच्या घरी पोर ठेवायचा विषय निघाला की आमच्याकडे हटकून जनाबाईची आठवण निघते. बापानं लहानपणी पंढरपूरला नेऊन दामाशेटींच्या घरी ठेवलेली आमच्या गावची पोर. मोठं, भक्तीचं घर. तरी दळणकांडण तिच्याच वाट्याला. लहानपणी गोष्ट ऐकताना विठ्ठल जात्यावर बसला म्हणून मला आनंद व्हायचा. मावशीकडची दोन वर्षं काढल्यावर त्या जात्याचा खुंटा दिसायला लागला.

म्हणून मी लेकीला म्हटलं, चल, आपण खोलीच बघू. पैसे देऊ आणि मानेनं राहू.

परभणीला गाडी बदलून आम्ही निघालो. मानवत रोड, सेलू, परतूर. खिडकीतून झळा आत येत होत्या, नांगरून टाकलेली काळी रानं भेगाळली होती, दुधना नदीच्या पात्रात वाळूचे नुसते खड्डे. सोबत धपाटे आणि दही घेतलं होतं, जालना येईपर्यंत दही आंबून गेलं. तो उन्हाळा पाण्याचा फार वाईट होता. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता, आणि अख्खं संभाजीनगर, वाळूजच्या कंपन्यांसकट, त्याच एका धरणाच्या तोंडाकडे बघून जगतं. त्यामुळे घरून निघताना सासूबाईंनी एकच बजावलं होतं, “बाकी काही का असंना, पाण्याचं बघ माय.” मराठवाड्यात खोली बघायची म्हणजे आधी पाणी बघायचं, मग खिडकी. आम्ही त्या दिवशी तीन खोल्या बघितल्या आणि तिन्ही ठिकाणी मी आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकावले.

बाबा पेट्रोल पंपापाशी शेअर रिक्षावाले ओरडत होते, “पंढरपूर पंढरपूर, बजाजनगर! चला ताई, दोनच सीट पायजे!” लेक माझ्याकडे बघून हसली. वाळूजच्या अलीकडे हे एक छोटं पंढरपूर आहे, तिथंही विठ्ठलाचं देऊळ आहे आणि आषाढीला मोठी जत्रा भरते. गंगाखेडची पोर निघाली पंढरपूरला, असं मी म्हणणार होते, पण रिक्षात नऊ माणसं कोंबलेली होती आणि बोलायला तोंड उघडलं की धूळ जात होती. एमआयडीसीत शिरलो तसा वास बदलला. तापलेलं लोखंड, कुलंटचं तेल, कुठूनतरी रबर जळाल्यासारखा उग्र दर्प, आणि बिअरच्या कारखान्यांकडून वाऱ्याबरोबर येणारा आंबूस, ओल्या धान्याचा वास. मला मळमळलं. लेकीनं मात्र खोल श्वास घेतला. तिला हा वास आवडला होता. ते बघून मला एकदम ती फार मोठी झाल्यासारखी वाटली, आणि परकीही.

पहिली खोली तळमजल्यावर होती, भिंतींना ओल, आणि टाकीत शेवाळ. दुसरी रांजणगावात, स्वस्त होती, पण जिना रस्त्यावरच उघडत होता आणि समोर दारूचं दुकान. तिसरी ही काकूंची, मोरे चौकापासून जवळ. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर रूम मिळेल’. महिना अडीच हजार. बघायला जायच्या आधी आम्ही कंपनीचं गेट शोधून ठेवलं होतं आणि तिथून काकूंच्या दारापर्यंत घड्याळ लावून चालत आलो होतो. बावीस मिनिटं. मी माझ्या चालीनं, लेक तिच्या चालीनं गेली तर अठरा. वाटेत दोन वळणं. पहिल्या वळणावर कंटेनर उभे राहतात, त्यांच्या आणि कंपनीच्या भिंतीच्या मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. दुसऱ्या वळणावर टपऱ्या, चहा, पोहे, पंक्चर. दिव्याचे अकरा खांब मोजले. काच शाबूत आहे का ते मान वर करून बघितलं, चारांच्या काचा फुटलेल्या. कुत्री कुठे झोपलीत, पाण्याचा टँकर कुठे भरतो, मेडिकल कुठे, पोलिस चौकी कुठे. एका टपरीवरच्या बाईला विचारलं, “मावशे, इथून रात्रीच्याला पोरी येतात का चालत?” ती म्हणाली, “येतात की. शिफ्ट सुटली की घोळक्यानं येतात. एकटी नसावी म्हणजे झालं.” मी ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. घोळक्यानं. एकटी नसावी.

आणि मग ती खोली, तो नळ, तो फोन.

खाली उतरून आम्ही चौकात रसाच्या गाड्यावर बसलो. चरकाचे घुंगरू वाजत होते. लेकीनं ग्लास दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हती. म्हणाली, “आई, रूममध्ये दोन कॉट होत्या.”

“हं.”

“आपण एकच घेतलीय.”

मी म्हटलं, बेटा, रस पी, बर्फ वितळतोय. मग बरंच काही बोलले. पाच दिवसांवर जॉइनिंग आलंय, तिसरी खोली आहे ही, मी काही म्हटलं असतं तर त्यांनी आपल्यालाही नाही म्हटलं असतं, लोकांच्या घरात लोकांचे नियम. बोलताना माझा आवाज मलाच शाळेतल्यासारखा वाटायला लागला, पोरांना गप्प बसवताना लागतो तसा. तिनं वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिनं रस संपवला, पैसे दिले, आणि आधारची झेरॉक्स काढायला समोरच्या दुकानात गेली, कारण काकूंनी पोलिस पडताळणीच्या फॉर्मसाठी दोन प्रती आणि दोन फोटो मागितले होते.

सामान लावून देऊन मी परत निघाले ती एसटीनं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे आता एकटीनं लालपरीत बसून कुठंही जायला मन कचरत नाही. कंडक्टरनं तिकीट हातात दिलं आणि गाडी शहराबाहेर पडली, तशी मला माझ्या वडिलांची चिठ्ठी आठवली. वडील १९६५ च्या सुमाराला औरंगाबादला शिकायला गेले तेव्हा त्यांच्या खिशात गावच्या शेटजींची चिठ्ठी होती, गुलमंडीवरच्या एका व्यापाऱ्याच्या नावे. ‘पत्र घेऊन येणारा मुलगा आपल्यातला आहे, सोय पाहावी.’ एवढंच. त्या एका ओळीवर त्यांना माडीवरची खोली मिळाली, दिव्याचं तेल मिळालं, सणाला गोडधोड मिळालं. ही गोष्ट आमच्या घरात माणुसकीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मीही माझ्या मुलीला तशीच सांगत आलेय. त्या दिवशी गाडीच्या खिडकीशी बसून पहिल्यांदा ‘आपल्यातला’ या शब्दापाशी अडले. ज्याच्या खिशात तसली चिठ्ठी नव्हती, तो त्या साली औरंगाबादला कुठं उतरला असेल?

त्याचं उत्तर मला माहीत होतं, शाळेत शिकवलेलं होतं, फक्त कधी घरच्या गोष्टीशेजारी ठेवून बघितलं नव्हतं. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, आजचं मिलिंद. त्याआधी इकडच्या पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं. आणि नुसतं कॉलेज नाही, नागसेनवनात पोरांना राहायला वसतिगृहंही उभी राहिली. मी आजवर ते शिक्षणाची सोय म्हणून शिकवायचे. पाठाखालचे प्रश्न सोडवून घ्यायचे. खेड्यातल्या पोराला वर्गात बसायला बाक मिळाला, तरी रात्री पाठ टेकायला गुलमंडीवरची माडी मिळणार नव्हती, हे मला चाळीस-पन्नास वर्गांना शिकवून कळलं नाही आणि एका फोनवर कळलं. आज समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेतून भाड्याजेवणाचे पैसे मिळतात. माझ्याच शाळेतून गेलेल्या दोन-तीन पोरांनी त्यावर शिक्षण केलं. पण पैसे खिशात असून खोली ‘कालच गेलेली’ असेल, तर त्याचा फॉर्म कुठं भरायचा?

आणि खरं बोचत होतं ते आणखी वेगळंच. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. दर जूनला पहिलीच्या प्रवेशाची पोरं येतात. जनरल रजिस्टर मी भरते, माझं अक्षर चांगलं म्हणून. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मग जातीचा रकाना. काळी शाई, खाडाखोड चालत नाही. त्यातली निम्मी पोरं दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात, आणि उन्हाळ्यात रापून परत येतात. त्यांना मी पंचवीस वर्षं सांगत आलेय की शिका, बाहेर पडा, शहरात जा, तिथं कुणी काही विचारत नाही. तिथं कुणी काही विचारत नाही! हे माझेच शब्द. फोनच्या पलीकडे होती ती मुलगी माझ्या शाळेतली नव्हती कशावरून? तिचं आडनाव माझ्याच अक्षरात कुठल्यातरी रजिस्टरच्या पानावर नव्हतं कशावरून? तिच्या बाजूनं कोण बोलत होतं तेही मला माहीत नाही. ती स्वतः असेल, तिचा भाऊ असेल, किंवा माझ्यासारखीच एखादी आई, यादीतली तिसरी-चौथी खोली, हातात वही, पुढच्या नंबरावर काट मारणारी.

इंटर्नशिप चांगली चालली होती. पहिला आठवडा लेक चालत गेली. मग कळलं की कंपनीच्या बसमध्ये नेहमीची माणसं बसल्यावर जागा उरली तर ट्रेनींना बसू देतात. कधी जागा मिळायची, कधी नाही. रोज सकाळी सव्वाआठला तिचा ‘पोचले’ असा निरोप आला की मी कामाला लागायची. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, कंटेनरच्या वळणावर गुडघाभर पाणी साचायला लागलं, तेव्हा तिघी पोरींनी मिळून एक रिक्षा महिन्यानं लावली. रिक्षावाले मामा पन्नाशीचे, स्वतःची मुलगी नर्सिंगला, एक मिनिट उशीर करत नाहीत, असं ती सांगायची. सेफ्टी शूजनं टाच सोलली होती, तिथं खोबरेल लावायची. कॅन्टीनची आमटी गोड असते म्हणून मी येसर पाठवला, कारळाची चटणी पाठवली. बेअरिंग हातात घेऊन त्याचा आवाज कसा ऐकायचा हे एका जुन्या कामगारानं शिकवलं म्हणाली, कानाशी धरून, डोळे मिटून. फोनवर हे सांगताना तिचा आवाज असा काही लागला होता की मी सिंकमध्ये पाणी तसंच वाहू दिलं.

जूनच्या शेवटी तिला ताप आला. रात्री अकराला काकूंचा फोन. “घाबरू नका ताई, पोरीला मी खाली माझ्याजवळ आणून झोपवलंय. डॉक्टर येऊन गेले.” त्या बाईनं रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पहाटे भाताची पेज करून पाजली. दोन दिवस मोरीपर्यंत हाताला धरून नेलं. मी पहाटेच्या गाडीनं पोचले तेव्हा त्यांचे डोळे जागरणानं सुजलेले होते, आणि मी त्यांच्या पाया पडले. मनापासून पडले. नळाच्या चावीवरचा तो हात आणि कपाळावर पट्टी बदलणारा हा हात एकच आहे, हे मला त्या वाकलेल्या क्षणीही ठाऊक होतं. एकामुळे दुसरा पुसता येत नाही. मी फार प्रयत्न केला, दोन्ही बाजूंनी.

आणि त्यानंतर आठवड्याभरानं ते झालं. रिक्षातल्या तिघींपैकी एक हिंगोलीकडची, आयटीआय करून अप्रेंटिस लागलेली. लेकीचं तिच्याशी छान जमलं होतं. भावाच्या संसारात राहते, एका खोलीत सहा माणसं, आधी कॉट शोधत होती पण मिळाली नाही, लई ठिकाणी फोन केले म्हणते. लेक हे सहज सांगत होती, मी वाटाणे सोलत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आडनाव काय गं तिचं?”

पलीकडे शांत झालं. मग लेक म्हणाली, “का गं आई?”

मला का ते सांगता आलं नाही. मनात म्हणायचं होतं की तो फोन तिचाच होता का हे मला जाणून घ्यायचंय. तेही खरं होतं. पण प्रश्न तोच होता, शब्द तेच होते, आणि आवाजाची ठेवणसुद्धा तीच, सहज, घरगुती, पाणी किती वाजता येतं असं विचारावं तशी. मी म्हटलं, काही नाही, असंच. तिनं आडनाव सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. वाटाण्याच्या सालींवरून माशी फिरत होती, ती मी बराच वेळ हाकलली नाही.

आषाढी तोंडावर आली होती तेव्हा मी तिला आणायला गेले. छोट्या पंढरपूरच्या रस्त्याला मंडप पडायला लागले होते, दुकानांतून तुळशीच्या माळा, बुक्क्याच्या पुड्या. खोलीत गेले तर लेकीनं सामान बांधून ठेवलं होतं. सगळं खाली फरशीवर. पुस्तकांचं खोकं, बादली, मिक्सरचं भांडं, गादीची वळकटी, शूज. पावसाचं पाणी पत्र्यातून गळत होतं म्हणून खोक्याखाली विटा लावल्या होत्या. दुसरी कॉट तशीच रिकामी, तिच्यावर पेपरसुद्धा नव्हता, दोन महिन्यांची धूळ तेवढी, आणि तीही कडेकडेनं पुसलेली. मी म्हटलं, “अगं, वर ठेवायचं की सामान, ओलं झालं असतं ना.” ती दोरी आवळत होती. म्हणाली, “त्या कॉटचं भाडं आपण कुठं दिलंय?”

काकूंनी डिपॉझिट मोजून परत दिलं, पाचशेच्या दहा नोटा, एक दमडी कापली नाही. लेकीच्या हातावर साखर ठेवली. माझी ओटी भरली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी तुमच्या तिकडची कुणी पोरगी असंल तर पाठवा बरं का ताई. तुमच्यासारख्या घरातली.” रिक्षावाले मामा खाली हॉर्न वाजवत होते. मी चपला पायात घातल्या होत्या, तशीच वळले. आठ आठवडे घोळवलेलं वाक्य होतं, ते अगदी साधं करून विचारलं. म्हटलं, “काकू, आम्ही खोली बघायला आलो त्या दिवशी तुम्हाला एक फोन आला होता. एका मुलीसाठी. तिला तुम्ही नाही म्हणालात. कोण होती ती?”

काकूंनी खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, एकदा नळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“कोणता फोन?” त्या म्हणाल्या.